पाऊस कसा सांगावा

(पडद्यावर रिकामी चौकट. अक्षरं टाइप होतात.)

"जपानी शैलीतला पाऊस." चित्रं बनवणाऱ्या एआयला एवढंच लिहिलं, बटण दाबलं. आला पॅगोडा, फुललेली चेरी, छत्रीखाली किमोनोतली मुलगी, मागे फुजी. पाऊस मात्र कुठल्याही वॉलपेपरवर पडतो तसला.

आता हे पाहा. १८५७ साल. एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो, सुमिदा नदीवरचा पूल, अवचित आलेली सर. चित्रकार हिरोशिगे.

ही सर कुंचल्यानं ओढलेली नाही. कोरणाऱ्यानं चेरीच्या फळीवर प्रत्येक धारेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकलंय आणि केसाएवढी रेघ तेवढी उभी ठेवलीय. तिच्यावर शाई, वर ओलसर कागद, मग पाठीमागून हातानं घासायचं. आणि वरचा तो काळा ढग? छापणाऱ्यानं फळीवरचाच रंग हातानं विरळ करत आणला. याला बोकाशी म्हणतात. दर प्रतीला ते नव्यानं करावं लागे.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेत, मी आता हातानं काय केलं ते लिहिते. "लाकडी ठशांची छपाई. सपाट रंग, छायाप्रकाश नको. वरच्या कडेची काळी शाई खाली विरत जाते. पाऊस म्हणजे बारीक, सरळ, तिरक्या रेघा. पुलावर पाठ वाकवून धावणारी माणसं. अक्षरं नकोत." हे शेवटचं विसरू नका. नाहीतर कोपऱ्यात कुणालाच वाचता न येणारी सही उमटते, शेजारी लाल शिक्का. कोट्यवधी लोक रोज वाचतात त्या लिपीची अशी मोडतोड मला बघवत नाही.

शाईचित्रात काम आणखी अवघड होतं.

(जपानी चित्रकार हासेगावा तोहाकूचे पाइन वृक्ष. कॅमेरा सावकाश सरकतो.)

सोळाव्या शतकाची अखेर. सहा-सहा घड्यांचे दोन पडदे, आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात. झाडांमधलं दाट धुकं दिसतंय ना? तिथे काहीही रंगवलेलं नाही, नुसता कागद आहे. पण "धुकं" म्हटलं की यंत्र करडा धूर भरतं. तो शब्द मी खोडला. लिहिलं: "निम्म्याहून जास्त कागद कोरा. जवळची झाडं काळीभोर, लांबची पाण्यानं फिकी. पानांच्या जागी कुंचल्याचे झपाझप मारलेले, राठ फटकारे."

बऱ्याच खटपटीनंतर हे आलं.

(कोरा कागद. एका कडेला चार झाडं. पाच सेकंद निवेदन नाही.)