आकडा तोच, वय वेगळं

मघाशी सभागृहात येताना एका गृहस्थांनी मला दारातच गाठलं. हातात रिपोर्टची चौघडी. म्हणाले, "डॉक्टर, माझी किडनी चव्वेचाळीस टक्केच उरलीय म्हणतात. आता किती दिवस?" मी विचारलं, वय काय तुमचं? "एक्याऐंशी." म्हटलं, काका, आज मी तुमच्यावरच बोलणार आहे, पुढच्या रांगेत बसा. ते बसलेत. त्यांच्या रिपोर्टपासूनच सुरुवात करू.

पहिली गोष्ट, ते टक्के नाहीत. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, त्याचा तो अंदाज आहे. त्याला जीएफआर म्हणतात. तरुण, निरोगी माणसात तो साधारण शंभराच्या आसपास असतो, म्हणून बोलण्यात टक्के आले. आणि अंदाज हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. लॅबमध्ये मोजतात ते क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ, जो किडनी गाळून बाहेर टाकते. जीएफआर सूत्रातून काढतात, आणि त्या सूत्रात तुमचं वय आधीच घातलेलं असतं. उदाहरण घ्या. दोन बायका, दोघींचं क्रिएटिनिन १.२. एक ३० वर्षांची, दुसरी ८० ची. २०२१ च्या सूत्राने पहिलीचा जीएफआर येतो ६२, दुसरीचा ४६. रक्तातला आकडा एकच. पण एकीच्या रिपोर्टवर काही शेरा नाही आणि दुसरीच्या रिपोर्टवर किडनीविकाराची 'तिसरी पायरी' असं छापून येतं. (त्या छापील शेऱ्याने जेवढी झोप उडते तेवढी खुद्द किडनीने फार कमी जणांची उडते, हे माझं खासगी मत.)

सूत्र असं का वागतं? क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वय वाढलं की स्नायू उतरतात, क्रिएटिनिन कमी तयार होतं. तेव्हा म्हाताऱ्या माणसात तोच आकडा दिसला तर किडनी गाळायला कमी पडतेय, असा त्याचा अर्थ. हिशोब बरोबरच आहे, पण तो सरासरी माणसाचा. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, हाडं दिसू लागलेल्या आजींचं क्रिएटिनिन ०.७ आलं की घरचे म्हणतात, किडनी मस्त आहे. मस्त असेलच असं नाही. क्रिएटिनिन तयार करायला अंगावर मांसच राहिलेलं नसतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी कामाला येते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

आता किडनीच्या आत डोकावू. गाळण्याचं काम करणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांना नेफ्रॉन म्हणतात. किडनी दान करणाऱ्या निरोगी माणसांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे दाते सगळे तपासून, पारखून घेतलेले. १८ ते २९ वयाच्या दात्यांत एका किडनीत सरासरी सुमारे ९ लाख ९० हजार धडधाकट गाळण्या होत्या. ७० ते ७५ वयाच्या दात्यांत सुमारे ५ लाख २० हजार. जवळजवळ निम्म्या! आणि हे सगळे निरोगी, बरं का. सोनोग्राफीत हे कळत नाही, कारण किडनीचा बाहेरचा थर त्या मानाने फार कमी आक्रसतो. म्हणजे एक्याऐंशीव्या वर्षी जीएफआर चव्वेचाळीस असणं हे बऱ्याचदा झिजणं असतं, बिघडणं नव्हे. पंचविशीतल्या माणसाचा चव्वेचाळीस मात्र झिजेचा असूच शकत नाही. तिथे काहीतरी बिघडलंय आणि ते शोधलंच पाहिजे.

आजाराची व्याख्या मात्र दोघांना एकच. जीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असला की दीर्घकालीन किडनीविकार. ही रेषा २००२ मध्ये आखली गेली आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रात तिच्यावरून भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, पासष्टीनंतर रेषा ४५ वर आणा आणि चाळिशीच्या आत ७५ वर न्या; नाहीतर म्हाताऱ्यांना उगाच रोगी ठरवाल आणि तरुणांचा रोग नजरेतून सुटेल. दुसरी बाजू म्हणते, ६० च्या खाली मृत्यूचा धोका म्हातारपणीही वाढतोच, मग रेषा कशाला हलवायची? मी पहिल्या बाजूचा, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझं मत तसं होण्यामागे २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतले दोन लाखांहून जास्त माजी सैनिक, सगळ्यांचा जीएफआर ६० च्या खाली. प्रश्न साधा होता: या माणसाला आधी काय गाठेल, किडनी पूर्ण निकामी होणं की मृत्यू? १८ ते ४४ वयात जीएफआर ४५ च्या खाली गेला की किडनी निकामी होण्याची शक्यता मृत्यूपेक्षा जास्त ठरली. ६५ ते ८४ वयात तो पार १५ च्या खाली उतरेपर्यंत मृत्यूच पुढे होता. आणि पंच्याऐंशीच्या पुढे? तिथे जीएफआर कितीही खाली असो, मृत्यूचं पारडं कायम जड. काका, दचकू नका. याचा अर्थ असा की डायलिसिसच्या खुर्चीची भीती तुम्ही जितकी बाळगता तितकी ती खुर्ची तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता नाही. तुमचा रक्तदाब, हृदय, आणि रात्री उठताना तोल जाऊन पडणं, याकडे आधी बघायला हवं. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर रोजच्या गोळ्यांपैकी कुठली थांबवायची ते त्याच दिवशी विचारा. शिल्लक कमी असलेल्या किडनीला असा एक आठवडा वर्षभराच्या झिजेपेक्षा महाग पडतो.

तरुणांचं चित्र उलटं आहे. त्यांच्यापुढे वर्षं पुष्कळ, म्हणून जीएफआरमधली वर्षाला तीन-चार अंकांची घसरणही शेवटी डायलिसिसपर्यंत नेते. आणि डायलिसिसवर गेलेल्या तिशीतल्या माणसाचं वय कागदावरच तिशीचं राहतं. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा त्याचा धोका सर्वसामान्य लोकांतल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाइतका असतो. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात. म्हणून तरुणाच्या बाबतीत मी घाई करतो, प्रत्यारोपणाचा विषय लवकर काढतो. तिथेही वयाची एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली: बसवलेली किडनी गमावण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसतं ते साधारण सतरा ते चोवीस या वयात. शरीर धडधाकट, पण शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या चुकतात. आईच्या हातातला डबा मुलाच्या हातात येतो आणि नेमकं तेव्हाच.

म्हातारपणी प्रत्यारोपण होतच नाही हा समज मात्र सोडा. साठी-सत्तरीतल्या योग्य रुग्णांनाही प्रत्यारोपणानंतर डायलिसिसपेक्षा जास्त आयुष्य मिळतं. युरोपात तर १९९९ पासून पासष्टीपुढच्या दात्यांच्या किडन्या पासष्टीपुढच्याच रुग्णांना देण्याची योजना आहे. बसवलेल्या किडनीला नकार म्हातारं शरीर कमी देतं, जंतुसंसर्ग मात्र जास्त होतो. औषधांचं माप त्यानुसार ठरतं.

अवघड निर्णय असतो तो थकलेल्या, इतर दुखणी असलेल्या वृद्धाला डायलिसिस सुरू करायचं की नाही, याचा. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ रुग्णांवर डायलिसिस सुरू झालं, त्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. वर्षभरात ५८ टक्के गेले. उठणं-बसणं, अंघोळ, जेवण यांत पूर्वीइतके स्वावलंबी राहिले ते फक्त १३ टक्के. मशीन रक्त शुद्ध करतं, गेलेली ताकद परत आणत नाही. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, शिवाय जाणं-येणं, आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत नुसतं पडून राहणं. डायलिसिस न करता सूज, खाज, धाप यांवर उपचार करत राहणं हाही उपचारच आहे. मुलं मला बाहेर बोलावून म्हणतात, "त्यांना सांगू नका, आम्ही ठरवतो." मी परत आत जाऊन आजोबांनाच विचारतो.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "वडील ७८, जीएफआर ३८, तीन वर्षांपूर्वी ४०, लघवीत प्रथिनं नाहीत. डायलिसिससाठी हाताला फिश्चुला आत्ताच करून ठेवावा का?" फिश्चुला म्हणजे डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया. उत्तर: नाही. तीन वर्षांत दोन अंक, लघवी स्वच्छ. या वेगाने तो फिश्चुला कधी वापरलाच जाणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रथिन, तपासून घ्या, आणि येताना जुने रिपोर्ट घेऊन या. सगळे, नुसता शेवटचा नको.