किल्ली तिसऱ्याच्या हाती

(दृश्य: दाराशेजारी भिंतीला ठोकलेली, आकडे जुळवून उघडायची छोटी लोखंडी डबी. एक हात आकडे फिरवतो. डबी उघडते. आत किल्ली.)

हा हात या घराच्या मालकाचा नाही. इथं राहणाऱ्या भाडेकरूचाही नाही. दोन रात्रींसाठी आलेल्या एका पाहुण्याचा आहे. त्यानं भाडेकरूचा फक्त मोबाइलवरचा फोटो पाहिलाय. या घराला भाडेकरूच्याही वर कुणी मालक आहे, हे तर त्याच्या गावीही नाही.

पाहुणा हा शब्द इथं जरा जपूनच वापरायला हवा. पाहुण्याकडून कुणी पैसे घेत नाही. पण घर दिवसाच्या भाड्यानं प्रवाशांना देण्याच्या या धंद्यानं नेमका हाच शब्द उचलला, आणि गिऱ्हाइकाला पाहुणा म्हटलं की घराचं लॉज झालंय हे चटकन ध्यानात येत नाही.

त्यापेक्षा आपला जुना शब्द बरा. पोटकलम, पोटमाळा, पोटनिवडणूक, तसा पोटभाडेकरू. एकाच्या पोटात दुसरा. निम्मा कायदा त्या शब्दातच आलाय: पोटातल्याचा करार मालकाशी नसतो, तो ज्याच्या पोटात असतो त्याच्याशी असतो.

(दृश्य: रिकामी बैठकीची खोली. जमिनीवर हवा भरायची एक गादी, हळूहळू फुगत जाणारी.)

ऑक्टोबर २००७, सॅन फ्रान्सिस्को. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोन मित्र एका भाड्याच्या घरात राहत होते. भाडं वाढलं होतं, खिसा रिकामा होता. शहरात डिझायनर मंडळींची मोठी परिषद होती आणि हॉटेलं भरून गेली होती. दोघांनी घरात हवेच्या तीन गाद्या टाकल्या. एका रात्रीचे ८० डॉलर, वर सकाळची न्याहारी. तीन जण आले, राहिले, गेले. पुढच्या वर्षी नॅथन ब्लेचार्झिक तिसरा भागीदार झाला आणि यातूनच इंटरनेटवर अशी दिवसाच्या भाड्यानं घरं मिळवून देणारी एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली.

ही गोष्ट नेहमी गाद्यांची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. त्या दोघांपैकी घराचा मालक कुणीच नव्हता. म्हणजे या सगळ्या पसाऱ्याचा पायाच पोटभाड्यावर घातला गेला.

(दृश्य: टेबलावर एक कागद. त्यावर एकच ओळ आणि खाली सही.)

आता या कागदाकडे या. ‘पोटभाडेकरू ठेवण्यास माझी हरकत नाही.’ खाली मालकाची सही, तारीख. भाडेकरू हा कागद जपून ठेवतो. उद्या कुणी विचारलंच तर दाखवायला.

पण ही हरकत नक्की कशाला नाही?

बर्लिनमधला एक खटला आहे. एका भाडेकरूचं तिथं दोन खोल्यांचं घर होतं, पण तो स्वतः तिथं रोज राहत नव्हता. दर दोन आठवड्यांनी मुलीला भेटायला येई, तेवढाच मुक्काम. उरलेले दिवस घर बंद. २००८ मध्ये त्यानं मालकाकडे पोटभाडेकरू ठेवायची परवानगी मागितली. ती मिळाली. इतकी सैल मिळाली की, नवा माणूस ठेवताना दर वेळी विचारायचीही गरज नव्हती. अट एकच होती: पोटभाडेकरूला टपाल स्वीकारायचा अधिकार लिहून द्यायचा, म्हणजे मालकानं पाठवलेली नोटीस किंवा बिल त्या पत्त्यावर पडलं की ते पोचलं असं धरता येईल.

मे २०११ मध्ये त्यानं ते घर इंटरनेटवर टाकलं. चार जणांपर्यंत, दिवसाच्या भाड्यानं, शहर बघायला येणाऱ्यांसाठी. मालकानं आधी समज दिली, मग करार संपवला. भाडेकरूचं म्हणणं साधं होतं: तुम्हीच तर परवानगी दिली होती.

प्रकरण कार्ल्सरूहे शहरातल्या, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. अपिलात भाडेकरूची सरशी झाली होती. ८ जानेवारी २०१४ रोजी ती उलटली. न्यायालय म्हणालं, रोज बदलणाऱ्या पर्यटकांना घर देणं आणि काही काळ टिकून राहणारा पोटभाडेकरू ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची परवानगी दिली म्हणजे दुसरीची आपोआप मिळत नाही. आणि आधाराला काय घेतलं? तीच टपालाची अट. दोन रात्रींसाठी आलेला माणूस घरमालकाची नोटीस कशाला स्वीकारेल आणि स्वीकारून करेल काय? तेव्हा मालकाच्या मनात असा माणूस नव्हताच, हे त्या अटीवरूनच उघड होतं.

मला हा निकाल आवडतो. इतक्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी टपालपेटीत सापडलं.

(दृश्य: जिन्यावरून चाकांची बॅग ओढत नेण्याचा आवाज. एक एक पायरी. रात्र.)

मालक हो का म्हणतो? कारणं उघड आहेत. भाडेकरू सहा महिने बाहेरगावी कामाला जाणार असतो. घर सोडलं तर मालकाला नवा माणूस शोधावा लागतो आणि तोवर घर रिकामं. त्यापेक्षा हाच भाडेकरू राहू दे, मधले दिवस त्यानं पाहुण्यांवर भागवावे, भाडं वेळेवर यावं. काही मालक वर हिस्साही मागतात. अमेरिकेत २०२२ मध्ये एअरबीएनबीनं याचीच रीतसर योजना काढली: आधीच परवानगी देऊन ठेवलेल्या इमारतींची यादी, ग्रेस्टार आणि इक्विटी रेसिडेन्शियल यांसारख्या मोठ्या मालक कंपन्या त्यात. घर बघतानाच भाडेकरूला कळतं, इथं वर्षातल्या काही रात्री पाहुणे ठेवता येतील.

नाही म्हणण्याची कारणं मात्र आकड्यांत दिसत नाहीत, कानावर पडतात. हा बॅगेचा आवाज ऐका. वरच्या मजल्यावरच्या बाईंना तो आठवड्यातून तीनदा ऐकू येतो. त्यांनी कुणालाही परवानगी दिलेली नाही आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही. तक्रार घेऊन त्या जातात मालकाकडे, मालक फोन करतो भाडेकरूला, आणि भाडेकरू त्या वेळी दुसऱ्याच शहरात झोपलेला असतो.

मालकानं हो म्हटलं म्हणजे आपला भार हलका झाला, असं पुष्कळ भाडेकरूंना वाटतं. जर्मन दिवाणी संहितेचं ५४० वं कलम वाचावं. घर वापरायला दिलेल्या तिसऱ्या माणसाच्या हातून चूक झाली तर जबाब भाडेकरूनंच द्यायचा, मालकानं परवानगी दिलेली असली तरीही. पाहुण्यानं बेसिन फोडलं, भाडेकरू भरणार. घराच्या विम्याची बाब तर त्याहून अवघड. साध्या विम्यात पैसे घेऊन ठेवलेला माणूस अनेकदा बसतच नाही, आणि हे कळतं ते पाणी खालच्या घराच्या छतातून ठिबकायला लागल्यावर.

(दृश्य: पॅरिसमधली एक खिडकी, लोखंडी कठडा, खाली रस्ता.)

आणि पैसा कुणाचा? फ्रान्सनं हा प्रश्न फारच चोख सोडवलाय. १९८९ च्या भाडेकायद्यात मालकाची संमती लेखी हवी, आणि ती भाड्याच्या रकमेलाही हवी. वर आणखी एक अट: दर चौरस मीटरमागे भाडेकरू स्वतः जितकं भाडं देतो त्याहून जास्त त्यानं पोटभाड्यात घ्यायचं नाही. म्हणजे परवानगी मिळाली तरी नफा नाही.

परवानगी नसेल तर? सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, विनासंमती घेतलेलं पोटभाडं हे घराला लागलेलं फळ आहे, आणि फळ झाडाच्या मालकाचं. त्या प्रकरणात भाडेकरूंना २७ हजार युरोंहून जास्त रक्कम मालकाला द्यावी लागली.

मालक राजी, भाडेकरू राजी, तरी काम झालं असं नाही. लंडनमध्ये वेगळी सरकारी परवानगी नसेल तर अख्खं घर वर्षाला ९० रात्रींच्या वर देता येत नाही, ॲमस्टरडॅममध्ये मर्यादा त्याहूनही कमी. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून कडक नोंदणी लावली: ३० दिवसांहून कमी मुक्काम असेल तर घरात राहणाऱ्यानं स्वतः हजर राहायचं आणि पाहुणे दोनच. तिथं मालकाला उलटी सोयही आहे. आपली अख्खी इमारत तो बंदीच्या यादीत घालू शकतो, मग तिथल्या भाडेकरूचा नोंदणीचा अर्जच पुढं सरकत नाही.

जपाननं मात्र परवानगी कागदावर नीट मागितली. जून २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यात वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. पण त्याहून बोलकी गोष्ट नोंदणीच्या तपशिलात आहे. अर्ज करणारा भाडेकरू असेल तर मालकाची संमती वेगळी दाखवायची, आणि ती नुसती पोटभाड्याची नव्हे, मुक्कामाला माणसं ठेवण्याच्या धंद्यासाठीची. पोटभाडेकरू असेल तरी तेच. शिवाय इमारतीच्या नियमात मनाई नाही हेही दाखवायचं. बर्लिनच्या खटल्यात ज्यासाठी तीन न्यायालयं लागली, ते इथं अर्ज भरतानाच विचारून घेतात.

(दृश्य: तोच टेबलावरचा कागद. आता खाली हाताने ओळी वाढत जातात.)

म्हणून या कागदावर आणखी काही ओळी पडायला हव्यात. वर्षातल्या किती रात्री. एका वेळी किती माणसं. भाडेकरू तेव्हा घरात असणार की नाही. तुटफूट कुणी भरायची, विमा कुणाच्या नावावर, मालकाला हिस्सा असेल तर किती आणि तो सफाईचे पैसे वजा करून की आधी. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण भांडणं तिथूनच सुरू होतात. आणि परवानगी मागे घ्यायची झाली तर आधीच ठरलेल्या मुक्कामांचं काय करायचं, हेही. दोन महिन्यांपुढचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला हा कागद कधीच दिसणार नाही.

२०२० मध्ये जगभरचा प्रवास थांबला तेव्हा सगळ्यात वाईट फसले ते केवळ पाहुण्यांना देण्यासाठी चार-पाच घरं भाड्यानं घेऊन बसलेले लोक. मुक्काम एका रात्रीत रद्द झाले. भाडं मात्र दर महिन्याला द्यायचंच होतं. तेव्हा मालकाची परवानगी खिशात असून त्यांच्या काहीच कामाला आली नाही.

(दृश्य: सकाळ. तेच घर. पाहुणा निघण्याच्या तयारीत. दाराखालून आत सरकलेलं एक पाकीट त्याच्या पायाला लागतं.)

पाकिटावर भाडेकरूचं नाव आहे, मागं मालकाचा पत्ता. पाहुणा ते उचलतो, उलटंपालटं करून बघतो, टेबलावर शहराच्या नकाशाखाली नीट ठेवतो. दार ओढतो, किल्ली डबीत टाकतो आणि आकडे फिरवून टाकतो.