हातोडीला न जुमानणारा थेंब

आधी नुसतं बघा.

(हातोडीचा घाव. मूळ आवाज तसाच.)

घाव काचेच्या थेंबावर बसला. थेंब तसाच.

आता याच थेंबाची शेपटी. पक्कड टोकाशी आली. चिमटा घेतला, आणि...

(स्फोट. तीन सेकंद निवेदन नाही.)

मघाशी हातोडी सोसलेलं डोकं कुठे गेलं? टेबलावरचा हा पांढरा चुरा, तेच ते.

हा थेंब घडतो कसा, ते बघू. काचेची कांडी ज्योतीत धरली आहे. टोक लाल होतं, मग नारिंगी, मग मधासारखं ओघळायला लागतं. थेंब आपल्याच वजनाने सुटतो आणि मागे लांब तार ओढत पाण्यात शिरतो. पाण्याखालीही थोडा वेळ त्याच्या पोटात निखारा दिसतो. तिथे नजर ठेवा. सगळी गोम त्या निखाऱ्यात आहे.

पाणी लागताच बाहेरचा पापुद्रा कडक झाला. आतली काच अजून मऊ आहे. ती सावकाश निवते, निवताना आकसू बघते. पण कवच आता जागचं हलत नाही. आतली काच कवचाला आत खेचते, कवच तिला ताणून धरतं. थेंब गार झाला तरी ही रस्सीखेच सुटत नाही, काचेतच कोंडून राहते.

आणि ती दिसतेही. दोन पोलराइज्ड पडद्यांच्या, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पडद्यांच्या, मध्ये थेंब धरला, की हे पट्टे उमटतात. काच बिनरंगीच आहे. हे रंग त्या कोंडलेल्या ओढाताणीचे.

काच फुटते ती भेग उघडते म्हणून. थेंबाचा पृष्ठभाग मात्र चहूबाजूंनी आवळलेला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हा दाब ७०० मेगापास्कलपर्यंत भरला, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ ७००० पट. हातोडीने बारीक भेग पाडलीच, तरी तिला तोंड उघडता येत नाही. शेपटी मोडली की भेग थेट आतल्या ताणलेल्या काचेत घुसते. मग तिला अडवायला कोणी नाही.

हे जुनं चित्र १६६५ साली छापलेलं. काढणारा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक. थेंब फुटला की हाती चुराच उरतो, मग आत काय झालं ते बघायचं कसं? हूकने थेंबाला माशाचा पारदर्शक सरस फासला आणि मग शेपटी मोडली. तुकडे जागच्या जागी चिकटून राहिले. चित्रातल्या या रेषा म्हणजे त्याने पाहिलेल्या भेगा. कॅमेरा नाही, काही नाही, सरस!

हे थेंब १६६० मध्ये राजपुत्र रुपर्टने इंग्लंडला आणले. त्याचा मामेभाऊ, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, याने ते पुढच्या वर्षी रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेकडे दिले. दरबारात म्हणे यांचा उपयोग खोडी काढायला होई: डोकं दुसऱ्याच्या मुठीत द्यायचं आणि शेपटी आपण मोडायची. उपयोग काय, असं तेव्हा कोणी विचारलं असतं, तर एवढंच उत्तर होतं. तरीही हूक सरस घेऊन बसला.

हूकने गोठवलेली भेग धावताना दिसायला ३०० हून अधिक वर्षं गेली. १९९४ मध्ये श्रीनिवासन चंद्रशेखर आणि मुनव्वर चौधरी या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ती टिपली. शेपटीकडून डोक्याकडे, सेकंदाला १४५० ते १९०० मीटर. वाटेत तिला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. १० सेंटिमीटरचा थेंब संपायला सेकंदाचा दहा हजारावा भागही पुरतो.

गाडीच्या बाजूच्या खिडक्यांची काच याच तत्त्वावर कडक करतात. तीही फुटली की बारीक तुकडेच होतात.

टेबलामागच्या माणसाने चष्मा आणि जाड हातमोजे घातले आहेत, हे लक्षात आलंच असेल. त्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

हा शेवटचा थेंब. आता संथ गती नाही, आहे त्या वेगाने. पापणी लवू देऊ नका.

(पक्कड. स्फोट. काळा पडदा.)