दोन पाइपांवर हात

मंडळी, शेगडीवर पातेलं ठेवलंय ते चहाचं नाही. चहा नंतर आहे. त्यात दोऱ्याला बांधून एक थर्मोस्टॅट सोडलाय, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट पुढच्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. शेजारी थर्मामीटर आहे. पाणी तापतंय तोवर बोलू.

तुमच्यातले बरेच जण जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन हिमाचलातल्या कडाक्याच्या थंडीच्या स्पितीला निघालेत. पुण्यात आपण हीटर लावतो कधी? पहाटे काच धुरकटली तर, तोही पाच मिनिटं. त्यामुळे तो चालतो की नाही, हे वर डोंगरात गेल्यावर कळतं. माझं तसंच झालं होतं. नॉब लाल टोकाला, ब्लोअर चारवर, आणि पायावर गारेगार वारा. बायको शाल गुंडाळून गप्प बसली होती. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं. तिथल्या मेस्त्रीने आधी टेम्परेचरच्या काट्याकडे बघितलं आणि विचारलं, "थर्मोस्टॅट निकाला है क्या?"

काढला होता. आणि मीच काढला होता, माझ्याच गॅरेजात! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा आपल्याकडचा जुना उद्योग. तापण्याचं खरं कारण रेडिएटर चोंदलेला, पंखा बंद किंवा पंप गेलेला असं काहीतरी असतं. ते शोधायचा कंटाळा, म्हणून ही झडप फेकून द्यायची.

नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाडीतला हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनातलं तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दोन पाइपांमधून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, बस्स. म्हणजे इंजिनच थंड राहिलं तर हीटर बिचारा काय करणार? थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून पुढच्या मोठ्या रेडिएटरमध्ये जातं. उणे दहात गाडी चालवताना ते तापूच शकत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी हेच होतं. काटा खालीच रेंगाळतो, डिझेलही जास्त जातं.

थांबा, ८० अंश झाले. पुढच्या रांगेतल्यांनी वाकून बघा. झडपेवर ८२चा शिक्का आहे... बघा, उघडली! आतल्या पितळी डबीत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. पूर्ण उघडायला अजून दहा-बारा अंश लागतील. गॅस बंद करतो.

आता तपासणी. गाडी वीस मिनिटं चालवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. इंजिन बंद करून बॉनेट उघडा. काचेच्या खालच्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाइप शोधा आणि हात लावा, चटकन, पोळतात. दोन्ही सारखेच गरम असतील तर पाणी ठीक फिरतंय. मग दोष डॅशबोर्डमधल्या हवा वळवणाऱ्या झडपेचा: केबल निसटली असेल किंवा ती फिरवणारी छोटी मोटर गेली असेल. नॉब फिरवताना आतून टकटक आली तर मोटरच बघा. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर चोंदलाय, नाहीतर पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद आहे. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांत हे हमखास. दोन्ही पाइप सोडून कमी दाबाने उलट्या बाजूने पाणी सोडलं की गंजाचा चहा बाहेर येतो. पाणी नितळ होईपर्यंत सोडत राहायचं. तरीही सुटलं नाही तर डॅशबोर्ड उतरवणं आलं, आणि ते खर्चिक.

दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट, कमी कूलंट किंवा पाइपांत हवा धरलेली. रेस दिली की गरम आणि सिग्नलला थांबलं की गार, असं होत असेल तर आधी कूलंटची पातळी बघा. हवा काढायची तर इंजिन गार असताना गाडीचं तोंड चढाला लावा, कूलंटचं झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. पंखा एक-दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो पुस्तिकेत बघा. मात्र तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका; दाबाखालचं पाणी थेट तोंडावर येतं. आणि हवा पुन्हापुन्हा धरत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, तपासून घ्या.

नुसतं पाणी घेऊन मात्र कुणी स्पितीला जाऊ नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, इंजिनाचा ब्लॉक फोडतं. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं की उणे ३५च्या आसपास निभावतं. हे चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, कुत्री-मांजरी चाटतात. गाडीत असाच गोडसर वास आला आणि काचेवर तेलकट थर बसला तर कोअर गळतोय.

पातेल्यातलं पाणी उतरलंय, झडप मिटायला लागलीय. ज्यांना हातात घेऊन बघायचीय त्यांनी पुढे या. चिमटा इथेच आहे.