काचेच्या भांड्यातला ढग

नमस्कार, श्रोतेहो. विश्वकिरणांमुळे, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांमुळे, ढग होतात का, हा वाद ऐकायचा तर आधी स्कॉटलंडला जाऊ. बेन नेव्हिस हा तिथला सर्वांत उंच डोंगर, माथ्यावर तेव्हा हवामानाची वेधशाळा होती. 1894च्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन नावाचा पंचविशीतला तरुण दोन आठवडे तिथे बदली निरीक्षक म्हणून राहिला. ऊन पाठीशी, समोर धुकं, आणि धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगीत कडी! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून आपल्याला दिसतं तेच हे इंद्रवज्र. (हल्ली तिथे लोक इंद्रवज्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात, असो.)

विल्सनला ती कडी प्रयोगशाळेत हवी होती. केंब्रिजला परतून त्यानं काचेच्या भांड्यात दमट हवा घेतली आणि ती झटक्यात फुगू दिली. थंड सोड्याची बाटली फोडल्यावर तोंडाशी धूर उठतो ना, तसं धुकं झालं. मग त्यानं हवेतली धूळ काढून टाकली. धुळीशिवाय थेंब धरत नाही, असं तेव्हा सगळे मानत. पण हवा आणखी फुगवली, तर थेंब धरलेच! कशावर? विद्युतभारित कणांवर, म्हणजे आयनांवर. 1896मध्ये भांड्यावर क्ष-किरण सोडले, तर दाट धुकं. 1911मध्ये भांड्यातून वेगानं जाणाऱ्या एकेका कणाची वाट थेंबांच्या रेघेनं उमटली. 1927मध्ये नोबेल. इंद्रवज्र राहिलं बाजूलाच.

एक लक्षात ठेवा. आयनांवर थेंब धरतो, पण हवेत मावेल त्याच्या चौपट बाष्प कोंडलं तर. खऱ्या आकाशात ते एखादा टक्काही जास्त होत नाही. तिथे थेंब धरतो धुळीवर, धुरावर, समुद्राच्या मिठावर.

विश्वकिरण हवेत आयन करतात. सूर्य जोरात असला की ते कमी पोचतात. 1997मध्ये डेन्मार्कचे शास्त्रज्ञ स्वेन्समार्क म्हणाले, विश्वकिरण कमी, तर ढग कमी, म्हणून पृथ्वी तापते. जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या ‘क्लाउड’ प्रयोगानं 2011मध्ये दाखवलं की आयनांमुळे सूक्ष्म कण दुपटीपासून दसपटीपर्यंत वेगानं जन्मतात. पण ते एक-दोन नॅनोमीटरचे. ढगाच्या थेंबाला त्याच्या पन्नासेक पट मोठा कण लागतो, आणि बहुतेक त्याआधीच मोठ्यांना चिकटून संपतात. पुन्हा सांगतो, आयनांनी कण जन्मतो, ढग नव्हे.

आणि 2009च्या सुमारास सूर्य शांत होता, विश्वकिरण अंतराळयुगातल्या उच्चांकावर होते. स्वेन्समार्क यांच्या हिशेबानं गारवा यायला हवा होता. 2010 हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरलं.