या पिंपात आधी काय होतं?

मे महिना, रत्नागिरी. विहिरींनी तळ गाठलाय, टँकरचा पत्ता नाही आणि भंगारवाल्याकडे निळ्या पिंपांना जाम डिमांड आहे. साबणाने दोनदा धुतलं की झालं, असंच सगळे म्हणतात, पण त्यात आधी काय होतं हे विचारतं कोण?

कधी तेल, कधी ॲसिड, कधी ग्लायकॉल. आज ग्लायकॉलचं बघू.

चिलरच्या, म्हणजे पाणी थंड करून फिरवणाऱ्या मशीनच्या, पाईपातलं पाणी गोठू नये म्हणून ते घालतात, जनरेटरच्या कूलंटमध्येही तेच. दोन प्रकार जास्त चालतात आणि नुसतं बघून ओळखायला जाल तर फसाल. प्रॉपिलीन ग्लायकॉल फूड ग्रेडमध्ये मिळतं, त्यामुळे मासळी नाहीतर आंब्याच्या पल्पच्या प्लांटला तेच घ्यावं. एथिलीन ग्लायकॉल मात्र विषारी, आणि वर चवीला गोड, म्हणजे गळती झाली की शेडमधली मांजरं चाटायला हजर. माणसाच्या पोटात गेलं तर आधी तो प्यायल्यासारखा बरळतो, मग लिव्हर त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड करतं आणि त्याचे बारीक स्फटिक किडनीत अडकतात. मोठ्या माणसाचा जीव जायला साधारण १०० मिली पुरतं. उतरेल म्हणून झोपवून ठेवू नका, लेबलचा फोटो घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा, वेळेत पोचलात तर औषध आहे, डायलिसिस आहे.

लेबल म्हटलं तर ते आपल्या पावसात टिकतं कुठे! म्हणून पिंपावर ऑइल पेंटने मोठं नाव घालायचं, आणि दोन ग्लायकॉल एकाच कोपऱ्यात ठेवायचीच नाहीत. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये १४ पेशंट गेले ते ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं म्हणून, ते याच घराण्यातलं.

आता हे उघड्यावर उभं ठेवलेलं पिंप बघा. वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचलंय, बूच त्यात बुडालंय. दुपारी ऊन पडलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, सर आली की पिंप गार होतं आणि जरा ढिल्या बुचातून तेच पाणी आत ओढून घेतं. ग्लायकॉल तसंही हवेतला दमटपणा पितं. त्यामुळे छपराखाली, पॅलेटवर, आणि जागाच नसेल तर आडवं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं. टाकी स्टेनलेस नाहीतर एचडीपीई (जाड प्लास्टिक), गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली नको, कारण जस्ताचं आणि ग्लायकॉलमधल्या गंजरोधक केमिकलचं पटत नाही. आणि मिक्स करायला खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी वापरू नका हो, त्यातल्या क्लोराइडने पाईप खाल्ले जातात, डीएम वॉटरच, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, घ्या.

सांडलं तर? फरशी भयंकर निसरडी होते. रेती नाहीतर भुसा टाका, गोळा करा, पाण्याने गटारात ढकलू नका. गटार पऱ्याला, पऱ्या खाडीला, आणि तिथे ग्लायकॉल कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे गुदमरतात. टाकीभोवती डाईक वॉल, म्हणजे सांडलेलं अडवणारी बुटकी भिंत, असते ती यासाठीच, तिथे भंगार रचायला नव्हे.

राहिलं रिकामं पिंप. घातक केमिकल लागलेली पिंपं २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतात, म्हणजे ती परवानाधारक रिसायकलरलाच द्यायची. कंपनीतून बाहेर काढायच्या आधी, नीट रिकामं करून, बुडाला दोन भोकं पाडलीत तर त्यात पाणी भरायला कोणी नेणारच नाही.