घडी मोडण्याआधी

(दृश्य: तुळशीबाग, सकाळची वेळ. दुकानाच्या दारावर टांगलेली झबली.)

पुण्याच्या तुळशीबागेतील राममंदिराभोवतीच्या बोळांमध्ये बाळंतविड्याची खरेदी वर्षाचे बाराही महिने चालते. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, हातमोजे, पायमोजे आणि खणाची कुंची असा सारा सरंजाम येथे एकाच दुकानात मिळतो आणि दुकानदार तो पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट बसवून देतात. गिऱ्हाईक बहुधा बाळाची आजी, मावशी किंवा आत्या असते. ती कापड बोटांत चुरगळून पाहते, शिवण उलटून पाहते, नाडी ओढून पाहते. परंतु हे झबले बाळाच्या अंगावर चढण्याआधी ते कोणी धुवायचे, हा प्रश्न या बोळात सहसा निघत नाही.

तो निघायला हवा, कारण पुढे त्यासाठी सवड मिळत नाही. बारशाच्या दिवशी आत्या नवे अंगडे-टोपडे घेऊन येते, पाळण्याशेजारी खोके उघडले जाते, आणि आणणाऱ्याचा मान म्हणून त्या कपड्यांची घडी तेथेच, बाळाच्या अंगावर मोडली जाते. त्या घाईत धुण्याची गोष्ट काढणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही, आणि बाळंतिणीला तर मुळीच नाही. म्हणूनच बाळाचे नवे कपडे धुऊन घालावेत एवढे सांगून भागत नाही. देणाऱ्यानेच ते धुऊन द्यावेत, असे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. स्टीलच्या तीन पराती, कोमट पाणी.)

तुळशीबागेतून घेतलेले तीन नवे कपडे आता तीन परातींत भिजत आहेत. पहिल्या परातीत पांढऱ्या मलमलीचा लंगोट आहे. थोड्याच वेळात त्याच्याभोवतीचे पाणी भाताच्या पेजेसारखे गढूळ झाले आहे आणि बोटांना किंचित बुळबुळीत लागते. दुसऱ्या परातीत लाल टोपडे आहे. त्याच्या काठाशी गुलाबी रंगाची रेघ उतरते आणि हळूहळू परातीभर पसरते. तिसऱ्या परातीतील होजिअरीच्या झबल्यावर बदकांची छपाई आहे. त्याचे पाणी स्वच्छ दिसते, मात्र परातीवर वाकले की दुकानातल्या नव्या कापडाचा तो उग्र वास येतो.

(दृश्य: मलमलीच्या विणीवर जवळून कॅमेरा.)

पहिल्या परातीतील गढूळपणा खळीचा आहे. मागावर उभ्या धाग्यांवर सतत ताण पडतो आणि घर्षणाने ते तुटू शकतात, म्हणून ताणा, म्हणजे हे उभे धागे, मागावर चढवण्यापूर्वी त्याला खळ दिली जाते. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांमध्ये हे रोजचेच काम आहे. विणलेले कोरे कापड पुढे प्रक्रियेला जाते, तेथे ही खळ काढतात, कापड क्षारात उकळून त्यातील मेण आणि तेलकटपणा घालवतात, ते विरंजित करून पांढरे करतात, रंगवतात किंवा छापतात. अखेरीस त्याला हवी तशी झळाळी, मऊपणा किंवा ताठपणा यावा यासाठी पुन्हा काही द्रव्ये दिली जातात, आणि दुकानातील घडी जी इतकी कडक बसते ती बऱ्याचदा या शेवटच्या टप्प्यामुळे. होजिअरीचे विणकाम वेगळे असते. तिला ताण्याची खळ लागत नाही, पण तिच्या धाग्याला मेण लावलेले असते आणि कापड तयार झाल्यावर त्याला मऊपणा आणणारी द्रव्ये दिली जातात. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे देशातील होजिअरीचे सर्वांत मोठे केंद्र आहे आणि बाळांची झबली मोठ्या प्रमाणावर तेथे तयार होतात. त्यानंतर शिवण, इस्त्री, गोदाम, मालमोटार, दुकानाचा माळा आणि अनेकांचे हात असा प्रवास करून झबले या बोळात पोहोचते.

लाल टोपड्याने सोडलेला रंग हा धाग्यात पक्का न बसलेला, वर राहिलेला रंग आहे. कर्करोगाशी संबंध असलेली अमाइन द्रव्ये ज्यांच्यातून सुटू शकतात अशा अझो या जातीच्या कृत्रिम रंगांवर भारताने १९९७ साली बंदी घातली, तेव्हा रंग उतरला म्हणजे तो विषारीच, असे समजण्याचे कारण नाही. तरीही जो रंग पाण्यात उतरतो तो घामात आणि लाळेतही उतरतो, आणि बाळ टोपड्याची नाडी तोंडात घालणारच.

तिसऱ्या परातीतील वासाचे एक कारण फॉर्मल्डिहाइड हे त्वचेला त्रासदायक ठरणारे रसायन असू शकते. कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या रेझिनमधून, तसेच छपाईचा रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या काही द्रव्यांमधून ते थोडे थोडे सुटत राहते. जपानने १९७३ सालच्या कायद्याखाली दोन वर्षांखालील बाळांच्या कपड्यांसाठी त्याची मर्यादा इतकी कडक ठेवली की ते जवळजवळ नसल्यातच जमा असावे. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० या प्रमाणपत्रातही तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी स्वतंत्र आणि सर्वांत कडक वर्ग आहे. असे लेबल असलेला कपडा अवश्य घ्यावा, परंतु तोही गोदामातूनच आलेला असतो. मोकळे फॉर्मल्डिहाइड पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे पहिल्याच धुण्यात त्याचा बराच भाग निघून जातो.

(दृश्य: बाळाचे पाऊल, आईच्या तळहातावर.)

नवजात बाळाच्या त्वचेचा बाहेरचा थर मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो. जन्माच्या वेळी ती जवळजवळ उदासीन असते आणि तिच्यावरील संरक्षक आम्लता पुढच्या काही आठवड्यांत येते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांच्या दुपटीहून अधिक असते. न धुतलेला कपडा घातल्याने पुष्कळ बाळांना काहीच होत नाही आणि पहिल्या दिवसांतील बरेचसे पुरळ आपोआप मावळणारे असते; मात्र मानेच्या घडीत, काखेत किंवा जांघेत लाली टिकून राहिली, तर बाळ डॉक्टरांना दाखवावे.

(दृश्य: सदाशिव पेठेतील शिवणकामाची खोली. मशीनवर कुंची.)

या बाई अनेक वर्षे कुंच्या शिवत आहेत. खणाला आणि जरीला पाणी सोसत नाही, तेव्हा कुंची धुवा असे कोणी म्हणणार नाही. म्हणून त्या अस्तराचे मलमल आधी रात्रभर भिजवतात, चोळून धुतात, उन्हात वाळवतात आणि मगच बेततात. धुतल्याने सुती कापड जेवढे आटायचे तेवढे आटून जाते आणि पुढे अस्तर ओढले जात नाही, हा त्यांचा शिवणकामाचा हिशेब आहे. त्याचबरोबर जरीचे टोक बाळाच्या गालाला लागू नये म्हणून त्या अस्तर काठाबाहेर दोन सूत दुमडून घेतात. ती दुमड येथे जवळून दिसते. पूर्वी तर घरातील जुन्या धोतराचे लंगोट आणि आजीच्या लुगड्याची दुपटी होत, आणि असंख्य धुण्यांनी ते कापड मऊसूत झालेले असे. त्या काळच्या बायकांना रसायनांची नावे ठाऊक नव्हती, पण कोरे कापड तान्ह्याच्या अंगाला लावायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

(दृश्य: लोखंडी ट्रंक उघडते.)

जपून ठेवलेल्या कपड्यांबाबत मात्र एक कडक सूचना द्यावी लागते. ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवल्या असतील, तर त्यांतील नॅप्थलीन कापडात मुरते. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याच्या वाफेने फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. त्यामुळे असे स्वेटर आणि दुपटी पहिल्या महिन्यांत बाळाजवळ आणूच नयेत, आणि बाळाच्या कपड्यांत गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

(दृश्य: मोरी. हातमोजा उलटा केला जातो.)

धुण्यापूर्वी टाचण्या, चिकटपट्ट्या, गळ्याखालचा पुठ्ठा आणि मानेवरचे टोचरे लेबल काढावे. हातमोजे आणि पायमोजे उलटे करून पाहावेत. या हातमोज्याच्या आत सुटलेल्या दोऱ्याचा गुंता आहे; असा दोरा इवल्याशा बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, म्हणून तो कात्रीने मुळापासून कापून टाकावा. गडद रंगाचे कपडे वेगळे भिजवावेत. वास नसलेला सौम्य साबण पुरेसा आहे. जंतुनाशक द्रवाची किंवा मऊपणा आणणाऱ्या सुवासिक द्रवाची गरज नाही, कारण तेही शेवटी कापडातच उरते.

खरे काम खळबळण्याचे आहे. खडकवासला धरणाचे पाणी मऊ असल्याने त्यात साबणाचा मळ साचत नाही, परंतु शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्या बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालतात, आणि जड पाण्यात साबणाचा चिकट मळ धाग्यांवर बसतो. तेथे शेवटचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळावे. कपडे उलटे करून उन्हात वाळत घालावेत. आषाढ-श्रावणात पुण्यात ऊन मिळत नाही, तेव्हा पंख्याखाली वाळवून दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवावी. शिवणीत ओल राहिली तर कुबट वास येतो.

(दृश्य: पुन्हा दुकान. खोके बांधले जाते.)

धुतलेला कपडा दुकानदार बदलून देत नाहीत, ही भेट देणाऱ्यांची अडचण खरी आहे. यासाठी नवजाताच्या मापाऐवजी तीन ते सहा महिन्यांचे माप घ्यावे. सुती कापड थोडे आटते आणि बाळ लवकर वाढते, त्यामुळे मोठे माप वाया जात नाही. धुतलेली झबली त्याच खोक्यात घडी घालून ठेवावीत आणि वर ‘धुतलेले आहे’ अशी चिठ्ठी लावावी, म्हणजे बारशाच्या गर्दीत बाळाच्या आईला कोणाला काही विचारावे लागणार नाही.